मासळी मंडईतले दोन किडे

गिरधर सायकलीत हवा भरत होता आणि उज्ज्वला त्याला घाई करत होती. हतनूर धरणावर जायचं तर ऊन तापायच्या आत निघायला हवं होतं. भुसावळचं मे महिन्यातलं ऊन सकाळी नाश्त्याच्या वेळीच अंगणात येऊन बसतं. गिरधर तिचा मामेभाऊ, यावलहून सुट्टीला आलेला. केळीच्या बागेत वाढल्यामुळे त्याला सावलीची सवय होती, आणि रेल्वे कॉलनीत आल्यापासून ऊन हा त्याचा एकच विषय होता.

"इथे झाडं लावायला रेल्वेनं बंदी केलीय का गं?" त्यानं पंप मारता मारता विचारलं.

"बडबड कमी कर आणि मागचं चाक बघ. शकू वाट बघत असेल."

शकू उज्ज्वलाच्या वर्गातली. तिची आई मंजुळाबाई लाइनीपलीकडच्या मासळी मंडईत ओट्यावर बसून धरणाचे मासे विकायची. मंडईत ओटे मोजकेच होते. मंजुळाबाईंच्या ओट्यावर पूर्वी त्यांची सासू बसायची. धुळ्याकडून लग्न होऊन आल्यावर मंजुळाबाई तिथेच मासे कापायला शिकल्या. शकूला मंडईतून घ्यायचं आणि तिघांनी धरणाचा रस्ता धरायचा, असं ठरलं होतं.

पण मंडईच्या तोंडाशीच गर्दी होती. सायकली भिंतीला लावून दोघं आत घुसली. मंजुळाबाईंची टोपली ओट्याखाली पालथी पडली होती आणि शकू फरशीवरून लहान लहान मासे वेचत होती. समोर मंडईच्या पंचांचे प्रमुख मोतीलालभाऊ उभे होते. त्यांच्या शेजारी छगन, म्हणजे रेल्वेच्या मैदानाबाहेर मासे तळणारा गाडीवाला, तावातावानं हातवारे करत होता.

काय झालं ते दोघांना तुकड्यातुकड्यानं कळलं. आदल्या संध्याकाळी मैदानावर क्रिकेटचा सामना होता. चहाच्या सुट्टीत काही खेळाडूंनी छगनच्या गाडीवर तळलेले मासे खाल्ले. रात्री त्यांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या. विकेटकीपर वना तर सलाइनवर होता. त्यानं डॉक्टरांना सांगितलं की अर्धा तुकडा खाल्ल्यावर त्याला माशात एक किडा दिसला. आणि छगन म्हणत होता, की मासे मंजुळाबाईंकडून घेतले होते.

"मी याले काल वाटाभर मासा दिधा, खरं शे," मंजुळाबाई म्हणाल्या. "पण मना मासा खाईसन आजवर कोनले काय व्हयनं?"

मोतीलालभाऊंनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. रविवारी पंच बसतील, तोवर ओटा बंद, असं त्यांनी जाहीर केलं. रविवारी दोष सिद्ध झाला तर ओटा दुसऱ्याला जाईल. तो दुसरा कोण, हे सांगायची गरज नव्हती. मंडईच्या कोपऱ्यात रुपचंदशेठ आपल्या बर्फाच्या पेट्यांवर हात ठेवून उभे होते. गेल्या वर्षापासून ते मुंबईची समुद्राची मासळी रेल्वेनं आणवत होते. पेट्या ठेवायला त्यांना जागा पुरत नव्हती, आणि मंजुळाबाईंचा ओटा त्यांच्या अगदी लगत होता.

धरणाचा बेत तिथेच मोडला.

* * *

"सोपं आहे," शकूच्या घरामागच्या निंबाखाली बसल्यावर उज्ज्वला म्हणाली. "तुझ्या आईचे मासे कापून दाखवायचे. आत काही नाही हे सगळ्यांनी बघितलं, की झालं."

 शकू एरवी इतकी बोलायची, की वर्गात तिला पहिल्या बाकावर बसवलं जायचं. आत्ता मात्र ती नखानं जमीन उकरत होती.

"आण ना एक मासा. आपण आधी बघू."

शकूनं आणला. बोटभर लांबीचा, रुपेरी, पोट जरा फुगीर. तिनं विळीवर सराईतपणे त्याचं पोट फाडलं. आतून एक पांढरी फीत बाहेर आली. आली, आणि येतच राहिली. पायजम्याच्या नाडीसारखी चपटी, माशाहूनही लांब. ती हलत होती.

गिरधर दोन पावलं मागे सरकला. त्याच्या घरी अंडंसुद्धा येत नसे. मासा जवळून बघण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि पहिल्याच माशातून हे निघालं होतं.

"म्हणजे छगन खरं बोलतोय," तो म्हणाला.

"उन्हाळ्यात निघतात कधी कधी," शकू खाली बघत म्हणाली. "पाणी आटलं की जास्त. आई आतडं काढून फेकते, मासा धुऊन देते. आम्ही पण खातो. कुणाला काही होत नाही."

"पण तुला माहीत होतं! मग मघाशी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू आता जसा मागे सरकलास, तशी सगळी मंडई सरकली असती."

  मंजुळाबाई निर्दोष आहेत असं धरून उज्ज्वला निघाली होती, आणि आता समोर पाटावर ती पांढरी फीत होती. शकू खोटं बोलत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. मग छगन खोटं बोलत होता का? की दोघंही खरं बोलत होते? तिनं ती फीत काडीनं उचलून एका बाटलीत टाकली. कशासाठी, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

शकूनं त्या दोघांना जा म्हणून सांगितलं. सायकली हातात धरून दोघं कॉलनीपर्यंत चालत आली.

* * *

उज्ज्वला वडिलांना भाऊ म्हणायची. ते पॅसेंजर गाडीचे गार्ड होते. दुपारी ड्यूटीवरून आले की आधी पांढरा कोट खुंटीला टांगायचे, मग माठातलं पाणी प्यायचे, आणि ते पाणी पोटात जाईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरातला नियम होता. त्या दिवशी उज्ज्वलानं तो मोडला.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. बाटली उजेडात धरून पाहिली. गिरधरला वाटलं, आता ते काहीतरी मोठं सांगतील.

"मला काही कळत नाही," भाऊ म्हणाले.

उज्ज्वला हिरमुसली. भाऊ मात्र बाटली फिरवून फिरवून बघतच राहिले. त्यांची ही सवय होती. एखादी गोष्ट कळली नाही तर ते ती बाजूला ठेवत नसत, जवळ घेऊन बसत.

"वनानं जो किडा पाहिला, तो असाच होता का?" त्यांनी विचारलं.

कुणाला माहीत? ते कुणी विचारलंच नव्हतं. मंडईत इतकी माणसं बोलत होती, पण किडा कसा होता हे वनाला विचारायला कुणी गेलं नव्हतं. छगनला नाही सुचलं, मोतीलालभाऊंना नाही, आणि या दोघांनाही नाही.

वना दवाखान्यातून घरी आला होता, कॉलनीतल्या पुढच्याच लाइनीत राहायचा. खाटेवर पडून ताक पीत होता. उज्ज्वलानं बाटली दाखवताच त्यानं तोंड फिरवलं, पण मग पुन्हा नीट पाहिलं.

"हा नव्हता," तो म्हणाला. "हा तर नाडीएवढा आहे. तो बारीक होता. घड्याळाची स्प्रिंग असते ना, तसा गुंडाळलेला. मांसातच रुतला होता."

"तुकडा कसा होता, वनाकाका?"

वनानं तळहात पसरून दाखवला. गोल, जाड, मधोमध एकच काटा. वरून कुरकुरीत, आतून जरा गिळगिळीत. चहाची सुट्टी संपत आली होती, म्हणून त्यानं तसाच खाल्ला.

गिरधरनं बाटलीतल्या फितीकडे पाहिलं, मग वनाच्या तळहाताकडे. शकूचा अख्खा मासाही त्या तळहातावर मावून जागा उरली असती.

* * *

दुसऱ्या दिवशी भाऊंची सुट्टी होती. सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, पिशवी घेतली आणि म्हणाले, "चला, मासा आणू."

उज्ज्वलाची आई मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. भाऊंनी बोट ओठांवर ठेवलं. तिघं पुढच्या दारानं सटकली.

भाऊंनी जन्मात मासा विकत घेतला नव्हता. मासळीच्या पेट्या त्यांच्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून यायच्या, आणि त्या आल्या की ते वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे राहायचे, एवढीच त्यांची माशांशी ओळख. रुपचंदशेठच्या पेटीपुढे ते असे अदबीनं उभे राहिले, जणू बँकेत खातं उघडायला आले होते.

"सुरमई द्या," ते म्हणाले. हे नाव त्यांनी वाटेत उज्ज्वलाकडून पाठ करून घेतलं होतं.

"तुम्ही, पाटीलसाहेब?" रुपचंदशेठ चकित झाले. "कधीपासून?"

"आजपासून."

रुपचंदशेठनी एक लांब रुपेरी-निळा मासा काढून दाखवला. कल्ला उचलून लाल रंग दाखवला, पोटावर बोट दाबून दाखवलं. "अख्खा आहे बघा. पोटाला सुरी लागलेली नाही. माझ्याकडे कापलेला माल येतच नाही." भाऊंनी समजल्यासारखी मान डोलावली. पिशवीतून शेपटी बाहेर राहत होती, तिच्यावर त्यांनी वर्तमानपत्र गुंडाळलं.

निंबाखाली शकू भेटली. कालचा राग तिच्या तोंडावर अजून होता, पण सुरमई पाहून ती उठली आणि विळी घेऊन आली. तिनं पोट फाडलं. आतड्याभोवती बारीक पांढऱ्या स्प्रिंगा बसल्या होत्या. शकूनं पोटाच्या बाजूचं मांस बोटांनी उकललं. तिथेही एक होती, मांसात शिरून गुंडाळी करून बसलेली.

 गिरधर या वेळी मागे सरकला नाही. खाली वाकून बघत राहिला.

"म्हणजे दोघांच्याही माशांत किडे," तो शेवटी म्हणाला. "मग भांडण कशावरून चाललंय?"

"किडा वेगळा आहे," उज्ज्वला म्हणाली.

"असेल. पण किडा तो किडाच ना? पंचांना काय फरक पडणार?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भाऊंनी दुसरी बाटली आणली, दोन्हींत औषधाच्या पेटीतलं स्पिरिट ओतलं. जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कुंदाबाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. एका पावसाळ्यात गाडी अडकून पडली असताना त्यांनी भाऊंना बेडकांबद्दल बरंच काही सांगितलं होतं. दुपारच्या पॅसेंजरनं चौघं जळगावला निघाली.

* * *

कुंदाबाईंनी दोन्ही किडे बशीत काढले, भिंगाखाली धरले, आणि मुलांनाही बघू दिलं. फितीसारखा किडा तलावा-धरणांतल्या लहान माशांत होतो, त्या म्हणाल्या. मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात येतो. माशाच्या पोटाच्या पोकळीतच राहतो, मांसात शिरत नाही. आतडं काढलं की तोही जातो. माणसाला त्याचा त्रास झालेला त्यांनी तरी कधी वाचला नव्हता.

शकूनं इतका मोठा श्वास सोडला, की बशीतलं पाणी हललं.

"आणि हा?" उज्ज्वलानं स्प्रिंगकडे बोट केलं.

हा समुद्राच्या माशांतला. मासा नीट शिजवला तर तोही मरतो. पण कच्चा राहिला आणि पोटात गेला, तर माणसाच्या जठराला डसतो. वनाच्या कळा त्याच्यामुळेच असतील का, हे त्याला न तपासता त्या सांगणार नव्हत्या. पण असू शकेल, म्हणाल्या.

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. "एक गोष्ट मलाही कळत नाही. मासा जिवंत असतो तेव्हा हा किडा बहुतेक आतड्यापाशीच असतो. मासा मेल्यावर आतडं आत तसंच राहिलं आणि वेळ गेला, तर तो तिथून निघून मांसात शिरतो. इतक्या लांब पाठवायची मोठी मासळी बंदरावरच साफ करतात, असं मी ऐकलंय. मग तुमच्या माशाचं पोट कुणी का फाडलं नाही?"

परतीच्या गाडीत तिघं त्यावरच डोकं खाजवत होती. गिरधरचं मत होतं, की रुपचंदशेठ कंजूष आहे, साफ करायची मजुरी वाचवतो. उज्ज्वलाला वाटलं, मुंबईचा माणूस आळशी असेल. शकू खिडकीबाहेर बघत होती. भाऊ सुट्टीवर असूनही प्रत्येक स्टेशनला दारात उभे राहून सिग्नल बघत होते.

* * *

रविवारी उजाडताच मुंबईची गाडी आली, तेव्हा तिघं पार्सलच्या फलाटावर हजर होती. हमालांनी पेट्या उतरवल्या. रुपचंदशेठचा माणूस लोटन हातगाडी घेऊन आला होता. काही पेट्या नागपूरला पुढे जायच्या होत्या. त्यांतल्या एकीची फळी निखळली होती आणि आतल्या सुरमया दिसत होत्या. गिरधरनं आधी पाहिलं. त्यानं उज्ज्वलाला कोपर मारलं.

नागपूरच्या सुरमयांची पोटं उभी फाडलेली होती. आत बर्फ भरला होता.

लोटननं आपली पेटी उघडून बर्फ टाकायला घेतला. त्याच्या पेटीतल्या सगळ्या सुरमया अख्ख्या. उज्ज्वलानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमच्याच मासळीला असं का? लोटन हसला. पूर्वी त्यांचाही माल साफ करूनच यायचा, पण इथलं गिऱ्हाईक हात लावेना. कापलेला मासा म्हणजे शिळा, म्हणायचे लोक. शेवटी शेठनी मुंबईला निरोप धाडला, की भुसावळच्या मालाला सुरी लावायची नाही.

"कोण म्हणायचं शिळा?" गिरधरनं विचारलं.

"कोण म्हणजे? सगळेच," लोटन म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

शकू फलाटावरच खाली बसली.

"बरोबर बोलतोय तो," ती म्हणाली. "आपल्याकडे मासा असाच घेतात. कल्ला बघायचा, पोट दाबायचं. पोट फाडलेलं असलं की समजायचं, काहीतरी लपवलंय. नदीचा मासा सकाळी धरून दुपारी विकतात, त्याला चालतं ते. माझी आईपण तेच सांगते गिऱ्हाइकांना. अख्खा दखीसन ल्या, अख्खा बघून घ्या म्हणते." ती थांबली. "समुद्राचा मासा किती लांबून येतो, हे कुणी धरलंच नाही."

"मग चूक कुणाची?" गिरधरनं विचारलं. उज्ज्वलानं खांदे उडवले. तिला खरंच माहीत नव्हतं.

* * *

टीव्हीवरची रविवार सकाळची मालिका संपल्याशिवाय मंडईत कुणी येणार नव्हतं. ती संपली आणि मंडई भरली. मोतीलालभाऊ खुर्चीवर बसले. भाऊ वनाला रिक्षातून घेऊन आले होते. मंजुळाबाई आपल्या बंद ओट्यापाशी उभ्या होत्या, वर बसल्या नव्हत्या.

मोतीलालभाऊंनी एकच प्रश्न विचारला. मंजुळाबाईंच्या माशात किडे निघतात का?

उज्ज्वलानं ठरवलं होतं, की आधी सुरमईची बाटली दाखवायची. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात शकू पुढे झाली. तिचा आवाज इतका बारीक होता, की मागच्यांनी गप्प बसून ऐकलं.

"निघतात," ती म्हणाली. "शे. आम्हना मासास्मा किडा शे."

तिनं फितीची बाटली मोतीलालभाऊंच्या पुढ्यात ठेवली. मंडईत गलका झाला. बायकांनी तोंडाला पदर लावले. रुपचंदशेठनी हात जोडून वर पाहिलं. मंजुळाबाईंनी डोळे मिटून घेतले. आता संपलं, असं उज्ज्वलाला वाटलं.

पण वना उठून उभा राहिला. मी पाहिलेला किडा हा नाही, असं त्यानं सांगितलं. मग उज्ज्वलानं दुसरी बाटली पुढे केली आणि कुंदाबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वनानं ती स्प्रिंग ओळखली. छगन म्हणाला, ही पोरं कुठूनही काहीही आणतील, आपण तर मंजुळाबाईंचाच मासा तळला. असं म्हणताना तो रुपचंदशेठकडे बघत होता. दुपारी छगन बर्फाच्या गोळ्याची गाडी लावायचा, आणि तिलाही बर्फ रुपचंदशेठकडूनच येतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

इथे गिरधरनं तोंड उघडलं. तो छगनची स्तुती करू लागला. चहाच्या सुट्टीत एवढ्या लोकांना मासा तळून द्यायचा म्हणजे खायचं काम नाही, यावलला असा एक माणूस सापडणार नाही, आणि छगनकाका एवढ्या वेळात तळतात यावर आपला तरी विश्वास नाही.

"विश्वास नाही?" छगन फुगला. "गाडी बाहेरच उभी आहे. आण इथे."

गाडी आत आली. स्टोव्ह पेटला. शकूनं फळीवर धरणाचे लहान मासे ठेवले आणि शेजारी लोटनकडून आणलेली सुरमई. वना म्हणाला, "माझा तुकडा होता तसाच कर, छगन. घड्याळ लावतो." छगननं सुरी उचलली. त्याचा हात सवयीनं सुरमईवर गेला. सपासप तळहाताएवढे जाड काप पडले आणि तव्यावर चुरचुरले. त्यानं उलटवले, काढले, थाळीत टाकले, आणि मान वर करून लोकांकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं टाळ्या पडतील.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे फळीवर तसेच पडलेल्या लहान माशांकडे बघत होते.

वनानं एक काप हातात घेऊन मोडला. वरून तांबूस, कुरकुरीत. आत काट्याभोवती मांस काचेसारखं ओलं, कच्चं. "हाच," तो म्हणाला.

छगननं स्टोव्ह बंद केला. रुपचंदशेठ पुढे आले, त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझा माल ताजा आहे. अख्खा आहे. पोटाला सुरी नाही लागलेली!"

"तेच तर, शेठ," उज्ज्वला म्हणाली. तिनं नागपूरच्या पेटीतल्या सुरमयांबद्दल सांगितलं. आतडं आत ठेवून मासा एवढा प्रवास करतो, बर्फ वितळतो, आणि किडा मांसात शिरतो.

 रुपचंदशेठ लबाडी करतात असं उज्ज्वलाला आजवर वाटत आलं होतं. पण त्यांच्या तोंडावर जे होतं, ते पकडलं गेलेल्या माणसाचं नव्हतं. गिरधरला गणित समजत नसे तेव्हा तो असाच दिसायचा.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "लोक मागतात तसं मी आणतो. विचारा यांना. कापलेला मासा कोण घेतं इथे?"

मंडईतले लोक एकमेकांकडे बघू लागले. मोतीलालभाऊंनीसुद्धा चप्पल सारखी केली. तेही अख्खाच मासा घेत.

शेवटी त्यांनी निकाल दिला. ओटा मंजुळाबाईंचाच. सुरमई यापुढे साफ करून येईल. छगननं काप पातळ करायचे आणि पुरते तळायचे, नाहीतर गाडी मैदानाकडे न्यायची नाही. मग ते मुलांकडे वळले. एवढ्या मोठ्या माणसांत एकालाही किडा नीट बघावासा वाटला नाही, म्हणाले, तो या पोरांनी बघितला. भाऊ गर्दीत मागे उभे होते. ते रुमालानं चष्मा पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

* * *

ओटा मिळाला, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. सोमवारी मंजुळाबाई टोपली मांडून बसल्या. लोक येत, बघत, आणि ती फीत आठवून पुढे जात. दुपार होत आली.

शकू ओट्याखाली बसून होती. "मी बोलायला नको होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी गप्प बसले असते तर..."

"जे शे ते शे, माय," मंजुळाबाई म्हणाल्या. "झाकीसन काय व्हई? उठ."

त्यांनी विळी पुढे ओढली. टोपलीतला एक मासा घेतला आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून, सगळ्यांना दिसेल असं, त्याचं पोट फाडलं. त्यात काही नव्हतं. दुसरा घेतला. त्यात फीत निघाली. मंजुळाबाईंनी ती वर उचलून दाखवली, बादलीत टाकली, मासा तीन पाण्यांतून धुतला आणि केळीच्या पानावर ठेवला. मग तिसरा. येणारे-जाणारे थांबू लागले. उज्ज्वला आणि गिरधर पाण्याच्या बादल्या आणत राहिली. गिरधरच्या सदऱ्याला माशांचा वास लागला होता, आणि यावलला परत गेल्यावर काय सांगायचं हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं.

काठी टेकत वना आला. त्यानं पानाकडे आणि बादलीकडे पाहिलं.

"डॉक्टरनं आठवडाभर मासा बंद केलाय," तो म्हणाला. "पण घरी बाकीचे आहेत ना. वाटाभर दे, मंजुळाबाई. माझ्यासमोर काप."

त्याच्यामागे एक म्हातारी येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी दोघी. मंजुळाबाईंचा हात चालू लागला. एकटीनं उरकेना, तेव्हा त्यांनी शकूला बखोटीला धरून वर ओढलं आणि ओट्यावर आपल्या शेजारी बसवलं. त्यांना स्वतःलाही या ओट्यावर पहिल्यांदा सासूनंच बसवलं होतं.

शकूनं विळी पायाखाली घेतली.  मग तिनं घसा साफ केला, आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"पोट दखीसन ल्या! धरणाचा मासा, पोट दखीसन ल्या!"